चार कोटी अंकांची मूळ संख्या: भागून न बघता ती मूळ ठरली कशी?

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी एक संख्या जगापुढे आली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. नेहमीच्या पद्धतीनं लिहिली तर तिचे ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक होतात. एका अंकाला २ मि.मी. जागा धरून ती एकाच ओळीत छापायची ठरवली, तर ओळ ८२ कि.मी. लांब होईल. कोल्हापुरातून सुरू केली तर हायवेनं कराड ओलांडून पुढे जाईल. सेकंदाला एक अंक या वेगानं, न झोपता वाचायला पावणेपाचशे दिवस लागतील. ही तोवर सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

बातमी वाचल्यावर दोन प्रश्न पडतात. एवढ्या मोठ्या संख्येला कशानंच भाग जात नाही हे तपासलं कुणी आणि कसं? आणि तपासून उपयोग काय? बातम्यांमध्ये दुसऱ्या प्रश्नाला घाईघाईनं, बहुतेकदा चुकीचं उत्तर मिळतं आणि पहिला प्रश्न तसाच राहतो. खरं मर्म पहिल्यात आहे, म्हणून इथे त्यालाच जास्त जागा दिली आहे. शाळेतला गुणाकार, भागाकार आणि बाकी एवढं आठवत असेल तर पुढचं सगळं समजेल.

मूळ संख्या म्हणजे नेमकं काय

मार्केट यार्डात गुळाचे रवे मांडायचे आहेत असं समजा. १२ रवे असतील तर ३ ओळींत चार-चार किंवा २ ओळींत सहा-सहा असे सारखे बसतात. १३ रवे कसेही फिरवा, सारख्या ओळी होत नाहीत. एकच लांब रांग लागते. १३ ही मूळ संख्या, १२ ही संयुक्त संख्या. १ ला मूळ धरत नाहीत, आणि त्याला कारण आहे. प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे फुटते, जसं १२ = २ × २ × ३. १ ला मूळ म्हटलं तर या गुणाकारात हवे तेवढे १ घालता येतील आणि तो 'एकच प्रकार' राहणार नाही.

मूळ संख्या फुटत नाही याचा प्रत्यय कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर येतो. लीडस्क्रू (आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) इंची आहे, इंचाला ४ आटे, आणि त्यावर १ मि.मी. पिचचे, म्हणजे दोन आट्यांत १ मि.मी. अंतर असलेले, आटे पाडायचे आहेत. १ इंच म्हणजे २५.४ मि.मी., म्हणून लीडस्क्रूची पिच ६.३५ मि.मी., आणि गिअरचं प्रमाण २० : १२७ येतं. १२७ ही मूळ संख्या. १२० दात्यांचं काम ४० आणि ३ च्या जोडणीतून करून घेता येतं, पण १२७ चे तुकडे होत नाहीत. म्हणून १२७ दात्यांचा मोठा गिअर खरोखर लावावा लागतो. तो नसेल तर ४७ आणि ३७ दात्यांच्या गिअरवर भागवतात. त्यांचं प्रमाण १.२७०२७ येतं, हवं असतं १.२७. फरक १०० मि.मी. मागे ०.०२ मि.मी. पडतो. आखूड बोल्टला चालतं, लांब स्क्रूला चालत नाही. हा १२७ लक्षात ठेवा, कारण तो आपल्या चार कोटी अंकांच्या संख्येच्या घराण्यातलाच आहे.

मग भागून बघत का नाहीत?

एखादी संख्या मूळ आहे का हे बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघणं पुरतं. १२७ चं वर्गमूळ ११ आणि १२ च्या मध्ये येतं, म्हणून २, ३, ५, ७, ११ एवढ्या पाचच भागाकारांत काम संपतं. १३,६२,७९,८४१ हा घातांक स्वतः मूळ आहे का, हे बघायला सुमारे १,४०० भागाकार लागतील. संगणकाला ते डोळ्याची पापणी लवायच्या आत जमतं.

पण नुसत्या १०० अंकी संख्येचं वर्गमूळ ५० अंकी असतं. सेकंदाला एक लाख कोटी भागाकार करणारं यंत्र घेतलं, तरी तिथवर पोचायला १ वर ३८ शून्यं एवढे सेकंद हवेत. विश्वाचं आजवरचं वय सेकंदांत मांडलं तर अंक भरतात फक्त १८. ही १०० अंकांची गोष्ट झाली. चार कोटी अंकांपुढे भागाकाराचा विचारच संपतो, संगणक कितीही सुधारला तरी.

म्हणून ही संख्या मूळ ठरली ती भागाकारानं नाही. अवयव न शोधताही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीनं सांगता येतं, आणि या लेखाचा सगळा भर त्याच एका गोष्टीवर आहे.

अख्खी संख्या न लिहिता तिच्याबद्दल किती कळतं

यापुढे २^५ म्हणजे २ पाच वेळा घेऊन केलेला गुणाकार, म्हणजे ३२. आता आपल्या संख्येचा शेवटचा अंक कागदावर काढून बघू. २ चे घात २, ४, ८, ६ या शेवटांच्या फेऱ्यात फिरतात. घातांकाला ४ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून घाताचा शेवट २, आणि १ वजा केल्यावर १. शेवटचे दोन अंक हवे असतील तर फेरा २० चा आहे. घातांकाला २० ने भागून बाकी १ येते, म्हणून शेवट २^२१ सारखा. २^२१ = २०,९७,१५२, शेवट ५२, आणि वजा १ म्हणजे ५१. सुरुवातही सांगता येते: घातांकाला लॉगच्या तक्त्यातल्या ०.३०१०२९९९५६६ ने गुणलं की ४,१०,२४,३१९.९४५ मिळतं. त्यातला पूर्णांक अंकांची संख्या देतो (एकानं वाढवून), आणि ०.९४५ हा भाग पहिला अंक ८ आहे हे सांगतो.

चार कोटी अंकांपैकी एकही न लिहिता तिचे दोन्ही टोकांचे अंक हाती आले. ती मूळ आहे का हे ठरवण्याची रीतही याच जातीची आहे: फेरे आणि बाकी.

२^प − १ हाच आकार का?

संगणक संख्या ० आणि १ मध्ये लिहितो, म्हणजे द्विमान पद्धतीत. त्यात २^प − १ (प हा घातांक) म्हणजे ओळीनं प वेळा १. १२७ म्हणजे सात एक: १११११११. आठ एक झाले की २५५ होतात. आपली संख्या म्हणजे १३ कोटी ६२ लाखांहून जास्त एक, एकही शून्य नाही. साठवायला सुमारे १७ एमबी लागतात, मोबाईलवरच्या चार-पाच फोटोंएवढी जागा.

या आकाराच्या संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या नावानं मर्सेन संख्या म्हणतात. यात घातांक संयुक्त असला की संख्याही फुटते. चार एक, म्हणजे १५, हे दोन-दोनच्या गटांत पाडता येतात, म्हणून १५ ला ३ ने भाग जातो. तेव्हा घातांक मूळ असणं गरजेचं आहे. पण तेवढं पुरेसं नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

मर्सेननी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ चुकीचे होते, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. यातला ६७ विशेष बघण्यासारखा आहे. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं की २^६७ − १ मूळ नाही. त्याच्या हाती तिचा एकही अवयव नव्हता. अवयव मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक नेल्सन कोल यांना: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. 'फुटते' हे कळण्यात आणि 'कशी फुटते' हे कळण्यात सत्तावीस वर्षं गेली. आजही २^१२७७ − १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध झालेलं आहे, पण तिचा एकही अवयव कुणाला माहीत नाही.

बाकीवरून ओळखायची रीत

सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी एक नियम सांगितला. प ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल, तर २^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १ च उरते. ७ घेऊन बघा: २^६ = ६४, ७ ने भागून बाकी १. आता ९: २^८ = २५६, ९ ने भागून बाकी ४. बाकी १ नाही, म्हणून ९ मूळ नाही. इथे ३ चं नाव घ्यावं लागलं नाही.

'पण एवढे मोठे घात काढणार कोण?' ही शंका रास्त आहे. उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. लघु-गुरूंचे किती प्रकार होतात हे मोजताना पिंगलाच्या छंदःशास्त्रात २ चा घात काढायची सोय दिली आहे: घातांक निम्मा करत जा आणि उलट येताना वर्ग करत या. आठ अक्षरांच्या अनुष्टुभाच्या चरणासाठी २, ४, १६, २५६. सात गुणाकारांऐवजी तीन वर्ग. शिवाय प्रत्येक वर्गानंतर लगेच बाकी घेतली की आकडा कधीच फुगत नाही. सहाशे अंकी संख्येची फर्मा-चाचणी अशा दोन हजार वर्गांत होते. आज प्रत्येक फोनमध्ये हेच चालतं.

फर्माच्या नियमात एक भोक आहे. ३४१ = ११ × ३१, तरी २^३४० ला ३४१ ने भागून बाकी १ च येते. ५६१ तर त्याहून फसवी: तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कुठलाही पाया (२ च्या जागी घेतलेला आकडा) घ्या, ती चाचणी पास होते. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ त्याच जातीची. म्हणून या चाचणीनंतर फक्त 'बहुधा मूळ' एवढंच म्हणता येतं.

मर्सेन संख्यांसाठी मात्र पक्की कसोटी आहे. ल्यूका यांनी पाया घातला आणि १९३० च्या दशकात डी. एच. लेमर यांनी तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, २^प − १ ने भागून बाकी घ्या. हे प − २ वेळा करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. 'बहुधा' नाही.

लेथवरच्या १२७ वर करून बघू; प = ७, म्हणून पाच पायऱ्या. ४ चा वर्ग वजा २, १४. मग १९४, १२७ काढून ६७. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७, बाकी ४२. मग १७६२, बाकी १११. मग १२,३१९, आणि १२७ × ९७ = १२,३१९, म्हणजे बाकी शून्य. १२७ मूळ. आता २०४७ घेतली तर नऊ पायऱ्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणजे संयुक्त. २३ आणि ८९ चा कुठे उल्लेखही आला नाही. वही-पेन घेऊन प = १३ साठी हे करून बघा; अकरा पायऱ्या आहेत, शेवट शून्य यायलाच हवा.

या आकाराची दुसरी सोय बाकी काढताना होते. ९९ ने भागताना आपण १९४ चे १ आणि ९४ असे तुकडे करून ९५ ही बाकी मिळवतो, कारण १०० ला ९९ ने भागून १ च उरतो. द्विमानात ३१ चं तसंच. १९४ म्हणजे ११००००१०. उजवीकडचे पाच अंक ०००१० म्हणजे २, डावीकडचे ११० म्हणजे ६, बेरीज ८, आणि १९४ ची ३१ ने बाकी ८ च. भागाकार न करता तुकडा पाडून बेरीज. सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्यांमध्ये मर्सेनचंच राज्य का, याचं कारण हे: पक्की कसोटी आणि फुकटात मिळणारी बाकी, दोन्ही एकाच आकारात.

तेरा कोटी पायऱ्यांत काय चुकू शकतं

आपल्या संख्येला १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकी संख्येचा वर्ग. शाळेतल्या रीतीनं एका वर्गाला अंकांचे सुमारे १,६८३ लाख कोटी गुणाकार करावे लागतील, आणि असे वर्ग तेरा कोटी. म्हणून 'जलद फूरिए रूपांतर' वापरतात. संख्येचे साधारण १८ बिटांचे (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) तुकडे पाडायचे, त्यांना लहरींच्या रूपात नेऊन गुणायचं आणि परत आणायचं. काम प्रचंड कमी होतं, पण हिशोब दशांशात चालतो. परत आल्यावर प्रत्येक तुकडा पूर्णांकाच्या जवळ पडायला हवा. तो नेमका दोन पूर्णांकांच्या मध्ये, ०.५ च्या आसपास पडला, तर कुठला धरायचा हे कळत नाही आणि तिथून पुढचं सगळं वाया जातं. म्हणून तुकडे फार मोठे करत नाहीत आणि ही चूक सतत मोजत राहतात.

दुसरा शत्रू म्हणजे यंत्र. तापलेली मेमरी, जास्त वेगानं पळवलेला प्रोसेसर, एखादा बिट ० चा १ होणं. तेरा कोटींपैकी एका पायरीत असं झालं तरी शेवटची बाकी निरर्थक. रॉबर्ट गर्बित्झ यांच्या पडताळणीमुळे फर्मा-चाचणीत अशी चूक वाटेतच पकडता येते आणि शेवटच्या शुद्ध टप्प्यावरून पुन्हा सुरू करता येतं. ल्यूका–लेमर चाचणीला ही सोय लागू होत नाही. म्हणून आता आधी ३ हा पाया घेऊन फर्मा-चाचणी करतात (२ चा पाया मर्सेन संख्यांसाठी निरुपयोगी आहे, त्यावर त्या सगळ्याच पास होतात), आणि 'बहुधा मूळ' असं उत्तर आलं तरच ल्यूका–लेमर.

या वेळीही तसंच झालं. ११ ऑक्टोबर २०२४ ला आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका एनव्हिडिया ए१०० ग्राफिक्स चिपनं 'बहुधा मूळ' असं कळवलं. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एच१०० चिपनं ल्यूका–लेमर चाचणी पूर्ण केली. मग वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रोग्रॅमनी पुन्हा तपासणी झाली आणि नंतरच घोषणा. शोधणारे ल्यूक ड्युरांट पूर्वी एनव्हिडियात काम करत. त्यांनी १७ देशांतल्या डेटा सेंटरमधल्या चिपा भाड्यानं जोडल्या होत्या. हे सगळं चालतं १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या 'जिम्प्स' या सामूहिक प्रकल्पात. आधीचा विक्रम डिसेंबर २०१८ चा होता, २^८२५८९९३३ − १.

'सर्वांत मोठी' म्हणजे शेवटची का?

नाही. मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडनं दोन हजार वर्षांपूर्वी दाखवलं. कुठल्याही यादीतल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून १ मिळवा. येणाऱ्या संख्येला यादीतल्या कुणानंही भागलं तरी १ उरतो, म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचा असलाच पाहिजे. इथे बरेच जण घसरतात आणि ती नवी संख्या मूळच असते असं मानतात. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३०,०३१, आणि ती ५९ × ५०९ आहे.

मर्सेन मूळ संख्या मात्र अनंत आहेत का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आताची ही ५२ वी सापडलेली. 'सापडलेली' हा शब्द महत्त्वाचा. २००८ मध्ये ऑगस्टला ४,३१,१२,६०९ घातांकाची सापडली आणि सप्टेंबरमध्ये त्याहून लहान, ३,७१,५६,६६७ ची. आताच्या विक्रमी संख्येहून लहान, पण कुणी लिहून न दाखवलेल्या साध्या मूळ संख्या तर मोजदादीपलीकडे आहेत. त्यांचा आकार सोयीचा नसल्यामुळे त्यांची चाचणी परवडत नाही, एवढंच.

मर्सेनचा आकार नसलेल्या कुठल्याही संख्येसाठी पक्की आणि वेळेत संपणारी रीत आहे का? २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ती दिली. गणितज्ञ शतकानुशतकं ज्याची वाट बघत होते ते उत्तर आपल्या देशातून आलं, याचा अभिमान वाटायलाच हवा. प्रत्यक्ष वापरात ती संथ पडते, म्हणून फोन आणि सर्व्हर अजून फर्माची सुधारलेली आवृत्ती, मिलर–राबिन चाचणी वापरतात. तिच्या एका फेरीत संयुक्त संख्या निसटण्याची शक्यता फार तर चारात एक. चाळीस फेऱ्यांनंतर ती १ वर २४ शून्यांत एकाहूनही कमी उरते.

ही संख्या बँकेचे व्यवहार सुरक्षित करणार का?

करणार नाही. हा गैरसमज बातम्यांमधून सतत पसरतो, म्हणून नीट बघू.

डिजिटल सहीचा सातबारा घ्या. अशा सहीमागे सहसा आरएसए ही पद्धत असते. दोन गुप्त मूळ संख्या, समजा ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३ जाहीर. प्रत्येकातून १ वजा करून गुणलं की २० येतात. ३ × ७ = २१, म्हणजे २० अधिक १; म्हणून ३ हा जाहीर घातांक आणि ७ हा गुप्त. कागदाचं सार ४ या आकड्यात आलं असेल, तर सही करणारा ४^७ = १६,३८४ ची ३३ ने बाकी काढतो: १६. ही सही. तपासणारा १६^३ = ४,०९६ ची ३३ ने बाकी काढतो: ४. जुळलं, सही खरी. खोटी सही करायची तर ७ हवा, ७ साठी २० हवेत, आणि २० साठी ३३ फोडून ३ आणि ११ हवेत.

३३ कुणीही फोडेल. खऱ्या वापरात ही संख्या २०४८ बिटांची, ६१७ अंकी असते आणि तिच्या पोटातल्या दोन मूळ संख्या तीनशेवर अंकांच्या. अशी मूळ संख्या मिळवणं सोपं, कारण त्या टप्प्यावर साधारण ७०० संख्यांमागे एक मूळ असते: उचला, तपासा, नाही तर पुढची. गुणाकार फोडणं मात्र महाकठीण. फेब्रुवारी २०२० मध्ये अशीच एक २५० अंकी संख्या फोडली, तेव्हा एका प्रोसेसर-गाभ्याच्या हिशोबात सुमारे २,७०० वर्षांचं काम लागलं. म्हणजे सगळी सुरक्षा त्याच फरकावर उभी आहे: मूळ ओळखता येते झटकन, गुणाकार फोडता येत नाही.

आता लक्षात येईल की चार कोटी अंकांची संख्या इथे का चालत नाही. गुप्त मूळ संख्या कुणाला माहीत नसायला हवी. ही तर जगाला पाठ आहे. शिवाय मर्सेनच्या पन्नासेक संख्यांतून निवडली तर चोर सगळ्या वापरून बघेल.

मूळ संख्या संपतील किंवा दोघांना एकच मिळेल?

तीनशे अंकी मूळ संख्यांची मोजदाद स्वतःच जवळजवळ तीनशे अंकी आहे. त्या संपत नाहीत. दोघांना एकच मिळते ती निवड नीट यदृच्छ (रँडम) नसल्यामुळे, आणि तसं घडलं आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या जाहीर चाव्या गोळा केल्या, तेव्हा हजारो उपकरणांच्या चाव्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. बरीचशी राउटरसारखी उपकरणं होती. नुकतीच चालू झालेली असताना त्यांच्याकडे पुरेसा गोंधळ, म्हणजे अंदाज करता न येणारी माहितीच नव्हती.

असं झालं की फोडायची गरजही उरत नाही, मसावि काढणं पुरतं. समजा दोघांचे जाहीर गुणाकार ८०५१ आणि ८३८३ आहेत. वजाबाकी ३३२. ८०५१ ला ३३२ ने भागून बाकी ८३. ३३२ ला ८३ ने पूर्ण भाग. मसावि ८३, दोन्ही कुलुपं उघडली: ८३ × ९७ आणि ८३ × १०१. सहाशे अंकांनाही हे क्षणात होतं.

दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ असणंही वाईट. ८०५१ = ९०^२ − ७^२, म्हणून ८३ × ९७ लगेच दिसतं. आणि गुप्त मूळ संख्यांना ठरावीक साचा असणं सगळ्यांत वाईट. २०१७ मध्ये एका प्रकारच्या चिप वेग वाढवण्यासाठी साच्यातल्या मूळ संख्या बनवत असल्याचं उघड झालं आणि एस्टोनिया देशाला साडेसात लाखांवर ओळखपत्रांची प्रमाणपत्रं थांबवावी लागली.

मग विक्रमी संख्यांचा उपयोग शून्य?

गुप्त नसलेल्या जागी खास आकार उलट फार कामाचा असतो, कारण बाकी स्वस्तात मिळते. १९५२ मध्ये सापडलेली २^५२१ − १ आज पी-५२१ या सुरक्षा-मानकात बसलेली आहे. १९७१ मध्ये सापडलेली २^१९९३७ − १ ही १९९७ च्या सुमारास तयार झालेल्या 'मर्सेन ट्विस्टर' या यदृच्छ आकडे देणाऱ्या प्रोग्रॅमचा कणा आहे. पायथनमध्ये 'रँडम' वापरणारा प्रत्येक विद्यार्थी तिच्यावर उभा असतो. पंचवीस वर्षं ती नुसती विक्रम म्हणून पडून होती.

दुसरा उपयोग यंत्रं तपासायचा. १९९४ मध्ये जुळ्या (दोनच्या फरकाच्या) मूळ संख्यांवर काम करताना थॉमस नाइसली यांना पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातली चूक सापडली आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. चार कोटी अंकी संख्येला नजीकच्या काळात काही काम मिळेल असं मात्र वाटत नाही, आणि तसं स्पष्ट सांगितल्यानं तिची किंमत कमी होत नाही.

क्वांटम संगणक आले की?

१९९४ मध्ये पीटर शोर यांनी मोठा क्वांटम संगणक गुणाकार झटपट फोडेल हे दाखवलं. एवढं मोठं यंत्र अजून कुणाकडे नाही. तयारी म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं अवयवांवर न अवलंबणाऱ्या पद्धतींची पहिली मानकं जाहीर केली. धोका आहे तो सह्या आणि कुलुपांना. एखादी संख्या मूळ आहे या सिद्धतेला कुठल्याही यंत्राचा धोका नाही.

घरच्या संगणकावर शोधता येईल?

येईल. जिम्प्सचा 'प्राइम९५' प्रोग्रॅम मोफत मिळतो. तो एक घातांक नेमून देतो, संगणक रिकामा असेल तेव्हा काम करतो आणि अधूनमधून प्रगती साठवतो, त्यामुळे वीज गेली तरी सगळं वाया जात नाही. डेस्कटॉप असेल तरच करा. लॅपटॉप आठवडेच्या आठवडे पूर्ण क्षमतेनं तापत ठेवणं चांगलं नाही. १५० वॉटनं चालणारा संगणक दिवसाला ३.६ युनिट खातो, ते बिलात धरा. एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान वाढलं की चुका वाढतात, म्हणून पंखे साफ ठेवा आणि प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवू नका. आधी प्रोग्रॅममधली 'टॉर्चर टेस्ट' एक दिवस चालवा. तीत एकही चूक आली तर मेमरी किंवा थंडाव्याची सोय बदलल्याशिवाय खऱ्या कामाला हात घालू नका.

सापडण्याची शक्यता फारच कमी आहे. नव्या मर्सेन मूळ संख्येला जिम्प्स ३,००० डॉलर देतं. दहा कोटी अंकी पहिल्या मूळ संख्येसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशननं दीड लाख डॉलर ठेवले आहेत. मर्सेनच्या वाटेनं तिथे जायचं तर घातांक ३३ कोटी २१ लाखांच्या वर हवा. पायऱ्याही तेवढ्याच, आणि प्रत्येक पायरीतली संख्या आताच्या विक्रमाच्या जवळजवळ अडीचपट लांब.